न गंजणाऱ्या पोलादाचा गंज

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. तिथून पुढे उन्हाळाभर अंगणातल्या स्वयंपाकाचा हंगाम. घरामागच्या डेकवर हिवाळाभर झाकून ठेवलेली गॅस ग्रिलं उघडली जातात, आणि याच दिवसांत जुनी ग्रिलं विकायलाही निघतात. कुणी घर बदलतं, कुणी नवं मोठं ग्रिल घेतं, कुणी गॅरेज सेलमध्ये पन्नास डॉलरची चिठ्ठी लावून ते दाराशी उभं करतं. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये नव्याने संसार मांडलेल्या मराठी कुटुंबाचं पहिलं ग्रिल बऱ्याचदा असंच जुनं असतं. कणसं, भरताची वांगी, पनीर, सुरमईच्या तुकड्या, सगळं त्यावर होतं.

पण झाकण उघडलं की मन जरा मागे सरतं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके, स्क्रूंच्या खाली नारिंगी ओघळ, आतून काळे पोपडे, आणि बर्नरवर हात लावला की बोटांना लागणारा तपकिरी भुगा. विकणारा सांगतो, ‘सगळं स्टेनलेस आहे.’ मग हा गंज आला कुठून?

या प्रश्नाची दोन उत्तरं चटकन सुचतात. एक, माल खोटा आहे. दोन, असेल थोडा गंज, तारेच्या घासणीने खसाखसा घासलं की जाईल. पहिलं उत्तर बहुधा चूक असतं. दुसऱ्यामुळे तर गंज वाढतो. असं का होतं ते समजलं की सफाईची रीत पाठ करावी लागत नाही. ती आपोआप सुचते. रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत स्टीलच्या सिंकला पडणारे डाग किंवा शेगडीच्या पत्र्यावरचे ठिपके यांनाही हेच सगळं लागू आहे.

पोलादावरची साय

लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज चढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. गंजाची खरी खोड मात्र वेगळी आहे. तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि मुळात सच्छिद्र असतो. त्यामुळे तो पोपडे धरून सुटतो, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं, ते पुन्हा गंजतं. असं करत करत सबंध पत्रा खलास होतो.

स्टेनलेस स्टील हेही मुख्यतः लोखंडच. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेलं असतं, एवढाच फरक. क्रोमियमही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, म्हणजे एका अर्थी तेही ‘गंजतं’. पण त्यातून तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर घट्ट, एकसंध आणि धातूला चिकटून राहणारा असतो. त्याची जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचवीस हजारावा भाग. डोळ्यांना तो दिसत नाही. आपल्याला दिसतो तो त्याच्या आरपार चमकणारा धातू.

हा थर म्हणजे तापलेल्या दुधावरची साय. ती कुणी बाहेरून आणून घातलेली नसते, दुधातूनच वर येते. चमच्याने बाजूला सारली तरी थोडा वेळ दूध स्वस्थ ठेवलं की पुन्हा धरते. स्टेनलेस स्टीलवर ओरखडा उठला तर तिथलं क्रोमियम हवेशी संयोग पावून लगेच नवी साय धरतं. रंग किंवा कल्हई यांना हे जमत नाही. ती गेली की गेली. पण साय धरण्यासाठी दोन गोष्टी लागतात: पृष्ठभाग स्वच्छ हवा, आणि हवा तिथवर पोचायला हवी. जुन्या ग्रिलवर नेमक्या याच दोन गोष्टींची बोंब असते.

क्रोमियम मिसळलेलं लोखंड आम्लांना दाद देत नाही, हे पिएर बेर्तिए या फ्रेंच संशोधकाने १८२१ मध्येच नोंदवलं होतं. पण त्या काळी मिळणारा मिश्रधातू ठिसूळ होई, त्यामुळे गोष्ट तिथेच थांबली. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप्प कंपनीने क्रोमियम आणि निकेल दोन्ही असलेल्या पोलादाची पेटंटं घेतली. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी पोलादाचा तुकडा आम्लाने थोडा खाऊ द्यावा लागतो. जवळपास तेरा टक्के क्रोमियमचा त्याचा तुकडा काही केल्या आम्लाला बधेना. मग त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला, तरी डाग नाही. शेफील्ड हे सुऱ्या-चमच्यांचं गाव. त्यामुळे बंदुकीसाठी शोधलेलं पोलाद आधी जेवणाच्या टेबलावर पोचलं.

साय फाटते कशाने?

पहिला वैरी मीठ. मिठातला क्लोराइड हा अतिशय लहान आणि घुसखोर असतो. सायीतल्या एखाद्या कच्च्या जागी तो शिरतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतो. पुढची हकिगत जास्त वाईट आहे. त्या भोकाच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून नवी साय धरत नाही. आत विरघळणाऱ्या धातूचे कण पाण्याशी संयोग पावून तिथल्या ओलाव्याला आम्लधर्मी करतात. विरघळलेल्या धातूवरचा विद्युतभार तोलण्यासाठी बाहेरचा आणखी क्लोराइड आत ओढला जातो. आम्ल वाढलं की धातू अधिक विरघळतो, धातू विरघळला की आम्ल वाढतं. वर दिसतो तो नुसता तांबूस ठिपका, पण आत खड्डा खोल जात असतो. वॉशरच्या खाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, साठलेल्या चरबीच्या थराखाली हेच घडतं, कारण तिथे हवा कमी आणि ओल जास्त. ओघळ नेहमी स्क्रूंच्या बुडातून सुरू होतात ते यामुळे.

ग्रिलवर मीठ कुठून येतं? मसाला लावून ठेवलेल्या मांस-मासळीतून, गळणाऱ्या रसातून, हाताच्या घामातून. किनाऱ्याजवळच्या गावात वाऱ्यातून. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात, ते गाड्यांच्या चाकांनी उडत उडत अंगणापर्यंत येतं. पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन शेजारी असेल तर विचारूच नका.

दुसरा वैरी उष्णता. साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे पत्र्यावर आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळट, निळी झाक येते. तो गंज नव्हे. साय जाड झाली की प्रकाशाची किरणं तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतताना एकमेकांत मिसळतात, त्यातून हे रंग दिसतात. मात्र जाड सायीसाठी खालच्या धातूतलं क्रोमियम खर्ची पडलेलं असतं, म्हणून असा भाग पुढे लवकर गंजतो. साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान तर आणखी एक भानगड होते. पोलादातला कार्बन क्रोमियमला पकडून ठेवतो आणि धातूच्या कणाकणांमधल्या सीमेवर क्रोमियमचा दुष्काळ पडतो. मग गंज त्या सीमांवरून आत शिरतो. बर्नर आणि त्यांच्यावरची पत्र्याची छपरं नेमकी याच तापमानात राबतात. म्हणून ग्रिलमध्ये सगळ्यात आधी तीच कुजतात, मग कंपनी कितीही नामांकित असो.

तिसरा वैरी पाणी, आणि तेही पावसाचं नव्हे. प्रोपेन जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते. एक किलो प्रोपेन पूर्ण जळला तर सुमारे १.६ किलो पाणी बनतं. अमेरिकेतल्या नेहमीच्या वीस पौंडी सिलिंडरमध्ये नऊ किलो गॅस असतो, म्हणजे एका सिलिंडरमागे जवळजवळ पंधरा लिटर पाणी! बहुतेक वाफ उडून जाते. पण ग्रिल थंड असताना पेटवलं की पहिली काही मिनिटं ती थंड पत्र्यावर धरते आणि तिथलं मीठ भिजवते.

चौथा वैरी आपण स्वतः आणतो, तो म्हणजे साधं लोखंड. तारेची घासणी किंवा साध्या पोलादी तारांचा ब्रश स्टेनलेसवर घासला की लोखंडाचे बारीक कण पत्र्याच्या रेषांत रुतून बसतात. त्या दिवशी पत्रा लख्ख दिसतो. पुढच्या दमट रात्री ते कण गंजतात आणि सबंध पत्र्यावर नारिंगी पुरळ उठतं. गंजलेलं असतं घासणीचं लोखंड, आणि नाव बद्दू होतं स्टेनलेसचं. शिवाय त्या कणांखाली साय अडते आणि कालांतराने खराच गंज लागतो.

इथे न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीची आठवण काढायला हवी. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा कळस क्रोमियम-निकेल पोलादाच्या पत्र्याने मढवलेला आहे. समुद्र जवळ, शहराचा धूर भरपूर, आणि इतक्या वर्षांत तो मोजक्याच वेळा धुतला गेला. तरी तो चमकतो, कारण पाऊस त्याला धुतो आणि वारा वाळवतो. पावसाने धुतला जाणारा स्टेनलेसचा भाग अनेकदा छपराखालच्या कोरड्या भागापेक्षा चांगला राहतो. छपराखाली मीठ साचतं, धुतलं जात नाही आणि रोज रात्रीच्या दमटपणात भिजतं. ओलं ग्रिल प्लास्टिकच्या जाड आवरणाखाली बांधून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सगळं ग्रिल एकाच धातूचं नसतं

‘स्टेनलेस ग्रिल’ या नावात बरीच उदारता असते. बाहेरचं झाकण आणि दारं स्टेनलेसची असली तरी जाळी बहुधा बिडाची असते किंवा इनॅमलचा, म्हणजे काचेसारखा लेप दिलेल्या लोखंडाची. बर्नर ज्यात बसतात तो आतला खोका पुष्कळदा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. चाकांचा सांगाडा रंगवलेल्या लोखंडाचा असतो. या प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

स्टेनलेसमध्येही जाती आहेत. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या जातीला ३०४ म्हणतात. भांड्यांवर कधी कधी १८/८ असा छाप दिसतो तो याच प्रमाणाचा. ४३० या स्वस्त जातीत क्रोमियम १६ ते १८ टक्के, पण निकेल नसतं. ती मिठापुढे लवकर हार मानते. समुद्राकाठासाठी ३१६ ही जात असते, तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमही घातलेलं असतं. ते क्लोराइडला अडवतं.

जुनं ग्रिल पाहायला जाताना फ्रिजवरचं एक चुंबक खिशात टाकावं. झाकणाला ते घट्ट चिकटलं तर पत्रा ४३०चा असण्याची शक्यता मोठी. अजिबात चिकटलं नाही तर ३०४ असू शकेल, किंवा २०० मालिकेतलं. या मालिकेत महाग निकेलच्या जागी बरंचसं मँगेनीज घातलेलं असतं. तेही चुंबकाला चिकटत नाही आणि गंजाला ३०४ इतकं तोंड देत नाही. भारतातली बरीचशी स्वस्त भांडी याच मालिकेची आहेत. म्हणजे चुंबकाने पास केलेलं सगळं अस्सल, असा समज नको.

आधी चरबी, मग गंज

सफाईला बसणारे लोक सरळ गंजावर तुटून पडतात. ते चुकीचं आहे. ग्रिलवर गंजाच्या वर चरबीचा थर असतो आणि गंज काढणारं कुठलंही औषध पाण्यात विरघळलेलं असतं. चरबीवरून ते ओघळून जातं, गंजापर्यंत पोचतच नाही.

सगळ्यात आधी सिलिंडर बंद करून काढून बाजूला ठेवावा. मग जाळ्या, छपरं आणि जमल्यास बर्नर सुटे करावेत. सुटे करण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवले तर संध्याकाळी डोकं धरून बसावं लागत नाही. तळाचा चरबीचा ट्रे रिकामा करावा. ग्रिल झाकण लावून पंधरा मिनिटं कडकडीत तापवलं की घाण जळून मोकळी होते, असं सांगतात. ते खरंही आहे. पण अनोळखी, जुन्या ग्रिलला ट्रे न पाहता तसं केलं तर साठलेली चरबी पेट घेते. आधी खरवडून काढणं, मग तापवणं.

झाकणाच्या आतले काळे पोपडे पाहून अनेकांना वाटतं की आतला रंग सुटतोय. बहुतेक ग्रिलच्या झाकणाला आतून रंग नसतोच. ती धुराबरोबर वर गेलेली चरबी आहे, थरावर थर बसून जळून कोळसा झालेली. प्लास्टिकच्या उलथन्याने ती सुटते. सोडवलीच पाहिजे, नाहीतर कणसावर पडते.

चिकट तपकिरी थर मात्र वेगळा. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याचं जवळजवळ वार्निश होतं. भांडी घासायच्या साबणाने ते हलत नाही. इथे धुण्याचा सोडा कामाला येतो. गरम पाण्यात तो घातला की पाणी अल्कधर्मी होतं आणि चरबीचं हळूहळू साबणात रूपांतर करतं. म्हणजे घाण स्वतःच्याच साबणाने धुतली जाते. जाळ्या आणि छपरं अशा गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावीत. हा सोडा किंवा कॉस्टिक सोडा असलेली ओव्हन साफ करायची फवारणी ॲल्युमिनियमच्या खोक्याला मात्र लावू नये. ॲल्युमिनियमची साय अल्कात विरघळते आणि खोका काळा पडतो. त्याला साधा साबण आणि कोमट पाणी पुरे.

चौकट: कशाला काय चालतं

स्टेनलेसचा पत्रा: साबण, खाण्याच्या सोड्याची पेस्ट, ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक ॲसिड. नायलॉनची घासणी. घासायचं ते पत्र्यावरच्या रेषांच्या दिशेनेच, गोल गोल नाही.

बिडाची जाळी: तारेची घासणीही चालेल. नंतर तेलाचा हात आवश्यक.

इनॅमलची जाळी: धातूचं काहीही नको. लेप उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं.

ॲल्युमिनियमचा खोका: सोडा आणि ओव्हन क्लीनर वर्ज्य.

कुणालाही नको: ब्लीच, टॉयलेट क्लीनर, फरशी धुण्याचं ॲसिड. ब्लीच आणि अमोनिया किंवा ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

गंज उतरवणारी आंबट मंडळी

चरबी गेली की खरा गंज दिसतो. बहुतेक वेळा तो भीती वाटली होती त्यापेक्षा कमीच निघतो, कारण अर्धी तांबूस दिसणारी घाण करपलेल्या तेलाची असते.

खाण्याचा सोडा गंज विरघळवत नाही, तो फक्त अगदी मऊ भुकटीसारखा घासतो. हलक्या डागाला तेवढं पुरतं. रुतून बसलेल्या गंजाला आम्ल हवं, आणि त्यातही ऑक्झॅलिक ॲसिड सगळ्यात गुणी. ते गंजातल्या लोखंडाला पकडून पाण्यात विरघळणारं संयुग तयार करतं. मग लोखंड पाण्याबरोबर वाहून जातं. या आम्लाची आपली ओळख जुनी आहे. अळूची भाजी कच्ची राहिली की घशाला खाज सुटते ती याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांनी. अमेरिकेत ‘बार कीपर्स फ्रेंड’ नावाची पावडर १८८२ पासून विकली जाते, तिच्यात हेच असतं. रूबार्ब नावाची आंबट भाजी शिजवल्यावर पातेलं लख्ख झालेलं पाहून एका केमिस्टला ती सुचली, अशी तिची जन्मकथा सांगतात. पाण्यात पेस्ट करून डागावर लावायची, एखादा मिनिट थांबून ओल्या फडक्याने रेषांच्या दिशेने चोळायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घालायचे. हे आम्ल पोटात जाता कामा नये, म्हणून जिथे अन्न टेकतं तिथलं धुणं दोनदा.

लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, थोडं सौम्य पण तितकंच उपयोगी आणि हाताळायला निर्धास्त. लिटरभर गरम पाण्यात तीन-चार मोठे चमचे घालून त्यात फडकं भिजवायचं आणि डागावर अर्धा तास पसरून ठेवायचं. उभ्या पत्र्यावरही ते चिकटून राहतं. पोलादाच्या कारखान्यांत तयार वस्तूंना शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडची आंघोळ घालतात. त्याने पृष्ठावरचे मोकळे लोखंडाचे कण विरघळतात, क्रोमियम मागे राहतं आणि साय एकसारखी धरते. घरी आपण त्याचीच छोटी आवृत्ती करत असतो. तारेच्या घासणीने उठलेलं नारिंगी पुरळ यानेच जातं.

मग संडास धुण्याचं ॲसिड का नको? तेही गंज काढतंच, आणि झटपट काढतं. पण बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि त्याच्या नावातच आपला पहिला वैरी बसलेला आहे. गंजाबरोबर ते सायही फाडतं आणि क्लोराइड मागे ठेवून जातं. नुसती त्याची वाफही पुरते. नव्या घराच्या फरशीवरचे सिमेंटचे डाग ॲसिडने धुतले आणि आठवड्यात शेजारचं स्टीलचं सिंक तांबरलं, ही तक्रार प्लंबरांना नवी नाही. दोष सिंकवाल्याला जातो.

धुऊन झाल्यावर पत्रा कोरडा पुसून उघड्या हवेत एक दिवस तसाच ठेवावा. लगेच तेल किंवा पॉलिश चोपडू नये, त्यावर साय धरू द्यावी. एक गोष्ट मात्र कुठलंही रसायन करू शकत नाही: पडलेला खड्डा भरून देणं. गंज गेल्यावर टाचणीएवढे काळे ठिपके उरले तर ते खड्डे आहेत. दिसायला वाईट, वापराला निरुपद्रवी. त्यांच्यात मीठ साचतं, म्हणून तेवढी जागा पुढे वरचेवर पुसावी.

बिडाच्या जाळीचं काम जुन्या बिडाच्या तव्यासारखंच. निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी यात काही तास बुडवायची, पण विसरायची नाही, कारण गंज संपल्यावर आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळतं. मग घासून, धुऊन, लगेच आचेवर कोरडी करायची आणि तेलाचा अगदी पातळ हात देऊन तापवायची. चरबी काढताना आपण ज्या वार्निशला नावं ठेवली, तेच इथे हवं असतं. काही हौशी मंडळी विजेच्या बॅटरीने गंज उतरवतात. त्या प्रयोगात धन टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावू नये. त्यातलं क्रोमियम घातक रूपात पाण्यात उतरतं, आणि ते कर्करोगकारक आहे.

ब्रशची तार पोटात

तारेच्या ब्रशविरुद्ध गंजाहून मोठं कारण आहे. जुन्या ब्रशच्या तारा तुटतात, जाळीला चिकटतात, तिथून घासात येतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मिझुरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ ते २०१४ या काळासाठी अमेरिकेत अशा सुमारे १,७०० रुग्णांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावं लागल्याचा अंदाज मांडला होता. जाळी गरम असताना ओल्या जाड फडक्याने चिमट्यात धरून पुसली किंवा लाकडी खरवडणी वापरली तर तारेची गरजच पडत नाही. जुन्या ग्रिलबरोबर फुकट मिळालेला ब्रश सरळ कचऱ्यात टाकावा.

दिसणारा गंज आणि जळणारा गंज

झाकणावरचा डाग हा शोभेचा प्रश्न आहे. बर्नरचा गंज हा जिवाचा. बर्नर म्हणजे भोकं पाडलेली नळी. तिच्या तोंडाशी गॅस बारीक छिद्रातून वेगाने शिरतो, शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून भोकांतून बाहेर पडतात. मिश्रण बरोबर असेल तर ज्योत निळी, टोकाला फार तर किंचित पिवळी. भोकं गंजाने बुजली तर आच कमी-जास्त होते. गंजून मोठी झाली किंवा नळीला चीर पडली तर ज्योत नको तिथे निघते. बुजलेली भोकं टाचणीने किंवा मऊ तारेने मोकळी करता येतात, पण मोठी झालेली लहान करता येत नाहीत. नळीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. पत्रा आत गेला किंवा पापुद्रे सुटले तर साफसफाई थांबवून नवा बर्नर मागवावा.

नळीच्या तोंडाशी आणखी एक भाडेकरू सापडतो, कोळी. गॅसला वास यावा म्हणून घातलेल्या गंधकयुक्त पदार्थांकडे काही जातींचे कोळी आकर्षित होतात, असं मानलं जातं. कारण काहीही असो, हिवाळाभर बंद असलेल्या ग्रिलच्या नळीत जाळं असणं इतकं सर्रास आहे की ग्रिलबरोबरच्या माहितीपुस्तिकांतही त्याचा इशारा छापलेला असतो. जाळ्याने वाट अडली की गॅस मागे वळतो आणि ज्योत बटणांपाशी पेटते. बाटल्या धुण्याचा लांब ब्रश नळीतून एकदा फिरवणं एवढाच उपाय.

सगळं परत जोडल्यावर साबणाचं पाणी करून रबरी नळी, रेग्युलेटर आणि सांध्यांवर लावावं. बटणं बंद ठेवून सिलिंडर उघडावा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. काडी पेटवून गळती शोधणारे शूर लोक दोन्ही देशांत आहेत. त्यांचं अनुकरण नको. रबराला बारीक चिरा असतील तर नळी आणि रेग्युलेटर नवाच घ्यावा. सगळ्या दुरुस्तीत तो स्वस्तातला खर्च आहे.

एक तपासणी लोक विसरतात. काही ग्रिलं सिलिंडरच्या प्रोपेनवर चालतात, काही घरात पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर. तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक गॅसच्या अडीचपट ऊर्जा असते, म्हणून प्रोपेनच्या ग्रिलची छिद्रं लहान ठेवलेली असतात. पाइपगॅसचं ग्रिल तसंच्या तसं सिलिंडरला जोडलं तर ज्वाळा भलत्याच उंच उठतात. ग्रिलच्या मागच्या किंवा दाराच्या आतल्या पट्टीवर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सामानाच्या कंटेनरमधून अमेरिकेतलं ग्रिल पुण्याला आणणाऱ्यांनाही हेच सांगणं. तिथली जोडणी आपल्या सिलिंडरला बसत नाही, आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून ‘बसवून’ घेण्याची ही वस्तू नाही.

तेव्हा जुनं ग्रिल घ्यायचं असेल तर झाकणाच्या चमकेवर भाव ठरवू नका. झाकण डागाळलेलं पण आतला खोका शाबूत असेल, तळाला आरपार भोक नसेल आणि त्या मॉडेलचे बर्नर बाजारात मिळत असतील, तर खुशाल घ्या. एका शनिवारच्या मेहनतीत ते पुढची काही वर्षं काम देईल. खोकाच कुजलेला असेल, बर्नरच्या बैठकीची भोकं झडलेली असतील किंवा गॅसच्या बटणांमागचे व्हॉल्व्ह घट्ट अडकलेले असतील, तर झाकण आरशासारखं चमकत असलं तरी आणि विकणारा फुकट देत असला तरी ते तिथेच राहू द्या.